लंकाबाईच्या हातची मिसरी

“आगं लंके, तवा तापला का न्हाई आजून?” तंबाखूची पुडी घेऊन बनुबाई अंगणात टेकली. मागून आणखी दोघी आल्या.

लंकाबाई झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांची मिसरी तिच्याच तव्यावर भाजायची. तंबाखू किती करपवायची हे तिच्यासारखं कुणाला जमत नसे, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. पण काल आरोग्य उपकेंद्रातल्या दयासिस्टरनं तिच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून बजावलं होतं, “मिसरी आजपासून बंद. याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो. मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवा.”

सकाळपासून मिसरीवाचून तिचा जीव कावला होता. चहा गोड लागेना, पोट साफ होईना, बोट आपोआप हिरडीकडं जाई.

“मी भाजायची न्हाई,” ती म्हणाली. “तुमीबी लावू नका. कॅन्सर हुतो.”

“त्यो खानाऱ्याला हुतो,” बनुबाई हसली. “आपन कुठं खातो? दात घासतो न् थुकून टाकतो.”

“थुकली तरी गालाला लागतीच ना!”

“लई शानी झालीस! मंग सुनेला कशाला लावलीस? दाढ दुखती म्हनून तूच दिलीस ना?”

झाडू थांबला. सून निकिता दारातच उभी होती. माहेरी पेस्टनं दात घासणारी पोर आता दिवसातून चारदा मिसरी लावायची. कालपासून लंकाबाईला स्वतःच्या चट्ट्यापेक्षा हेच जास्त खात होतं.

हसतानाही तोंडावर पदर धरणारी बाई लंकाबाई. तिनं भर अंगणात बोटानं गाल ताणला आणि तोंड उघडलं. बनुबाई वाकून बघत राहिली.

निकिता पुढं आली. मोबाईलची बॅटरी लावून तिनं तो सासूच्या हातात दिला आणि स्वतःच समोर बसली.

“आत्या, माझंबी बघा.” तिनं आ केला.

लंकाबाईला उजेड नीट धरता येईना, तो कधी नाकावर पडे, कधी कानावर. बनुबाईनं पुडी बाजूला ठेवून तिचं मनगट धरलं. उजवा गाल आतून गुलाबी होता.

“आता डावा,” बनुबाई हळूच म्हणाली.

दुखरी दाढ त्याच बाजूची होती. निकिता मिसरी तिथंच दाबून धरायची. लंकाबाईनं क्षणभर डोळे मिटले, मग उघडले आणि ती पुढं वाकली.