शालीखालचा बेडूक

मी बेडूक बोलतोय. वाळवंटातला. आज पोटात गोळा आलाय, अगदी खराखुरा, म्हणून थोडं घाईत सांगतो.

माझा जन्म एका उथळ डबक्यात झाला. डबकं आटायच्या आत पाय फुटून शेपूट जायला हवं, अशी सगळी धावपळ. पुढे स्वतःला वाळूत पुरून घेतलं. ओल आली की वर यायचं आणि समोर येईल ते गिळायचं. पुन्हा कधी मिळेल, कोण जाणे! ती हावरट सवय काही गेली नाही.

आता मी काचेच्या पेटीत राहतो. बेडकांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. पेटीवर दिवा आहे, त्याच्या उबेवर माझं पोट चालतं. माझ्या अंगात स्वतःची ऊब नाही. फार तापलं तर मला घासच नकोसा होतो. पण खाऊन गारठलो, तर अन्न जिरत नाही, आतल्या आत सडतं.

बाई परगावी गेल्या आणि त्यांच्या आत्या घर सांभाळायला आल्या. कोण काय जेवलं, हे विचारल्याशिवाय आत्यांना चैन पडत नाही. आज सकाळी गारठा पडला, तशा त्या पेटीत डोकावल्या.

"अगंबाई, किती रोडावला हा! खा रे राजा, थंडीचे चार घास जास्तच खावेत."

नाकतोड्यामागून नाकतोडा आला. मी मेला सगळे गिळून बसलो. मग आत्यांनी पेटीवर आपली लोकरीची शाल पांघरली, आणि ती जळू नये म्हणून दिवा बंद केला!

दुपारपर्यंत पोटाचा दगड झाला. पाय हलेनात. तेवढ्यात फोन वाजला. आत्यांच्या फोनवरचं बोलणं घरभर ऐकू येतं.

"आत्या, दिवा चालू आहे ना?"

"दिवा कशाला? माझी शाल घातलीय की. पोटभर जेवलाय तुझा लाडोबा."

"अगं, शालीत ऊब आपल्या अंगाची असते! त्याच्याकडे कुठली? आधी दिवा लाव, नाहीतर जाईल तो!"

आत्यांनी शाल ओढून काढली, दिवा लावला. आता पाठ कोमट झालीय. पोट अजून गारच. नाकतोडे जिरतील की सडतील, काही कळत नाही.

आत्या काचेला नाक लावून बसल्यात. डोळ्यांत पाणी, आणि चिमट्यात... हे काय, पुन्हा नाकतोडा?

"अशक्तपणा आला असेल रे तुला."

आत्या, तुमची माया कळते हो. पण तो चिमटा मागे घ्या. तोंडाशी आलेल्या घासाला मला नाही म्हणता येत नाही.