बेचाळिसावी वही

मित्रांनो, इंग्रजीच्या वर्गात खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्याचे दार कधीच धड लागले नाही. त्या फटीतून जो करडा कोपरा दिसतो, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. कोणी मोटर बसवली, कोणी बटणे. शेवटी एका कामगार बाईने माझ्यात कॅसेट घालून "एक, दोन, तीन" म्हटले. मी तेच परत म्हणून दाखवले आणि पास झालो. मला येते ते एवढेच. ऐकायचे, आणि ऐकले तसे सांगायचे. तिखटमीठ लावायचे नाही.

शाळेत मी इंग्रजीच्या बाईंच्या हाती पडलो. बाईंचा एक नेम होता. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःच्या मनाने दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या आणि माझ्यासमोर वाचायच्या. मग बाई टेप मागे नेऊन त्या पुन्हा ऐकवत. "आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला खुपते," असे त्या म्हणत. आपला आवाज ऐकून मुले आधी खो खो हसत आणि मग एकदम गप्प होऊन वहीत काहीतरी खोडत. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावर हात ठेवून कौतुक केले होते. त्या दिवशी शिपाईकाकांनी मला फडक्याने दोनदा पुसले.

वर्गात एक मुलगी होती. कोणाशी बोलत नसे म्हणून मुलांनी तिचे नाव 'गपचूप' ठेवले होते. ती लिहायची, पण वाचायला उठायची नाही. बाई तिला कधी रागे भरल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या तिला माझ्याजवळ बसवत, बटण दाबत आणि बाहेर जाऊन उभ्या राहत. पहिले तीन आठवडे मी फक्त पंख्याची घरघर, तिचा श्वास आणि एक शिंक टिपली. चौथ्या आठवड्यात दोन ओळी आल्या. बाईंनी त्या ऐकल्या आणि इतर कोणालाही म्हणाल्या असत्या तेच म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत 'द' राहिला." गपचूप उड्या मारत गेली.

पुढच्या वर्षी बाईंची धाकटी बहीण वारली. आई लवकर गेल्यामुळे बाईंनीच तिला लहानाचे मोठे केले होते. ती बसमध्ये कंडक्टर होती. तीन आठवडे दवाखान्यात होती, मग नव्हती. बाईंनी नऊ दिवस रजा घेतली आणि दहाव्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून वर्गात आल्या. हजेरी घेतली. "पुस्तक उघडा," म्हणाल्या. सगळे इतके नेहमीसारखे होते की कोणाला काही जाणवलेच नाही. मुलांना तर बाईंना बहीण होती हेही ठाऊक नव्हते.

बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरे झाले असते. एकदा तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाची मुले आत आली, तरी त्या खडू धरून फळ्यासमोर तशाच उभ्या होत्या. विज्ञानाच्या सरांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मी ठीक आहे." मित्रांनो, आवाज हा माझा धंदा आहे. तो आवाज खोटा नव्हता. त्यात काहीच नव्हते. कोरी कॅसेट फिरावी तसा तो फिरत होता.

सर मनाचे चांगले. त्यांनी बाईंच्या हाती एक गाइड ठेवले आणि यातून लिहून द्या, तुमचेही ओझे हलके होईल, असे सुचवले. बाईंनी ऐकले. दहा ओळी बंद झाल्या. मी कपाटात गेलो. बाई गाइडमधून सांगत आणि मुले खाली माना घालून उतरवून घेत. गंमत अशी की निकाल वाढला. मुख्याध्यापकांनी सभेत बाईंचे अभिनंदन केले. बाईंनी मान हलवली.

सहामाही परीक्षेत निबंध आला, 'मी विसरू शकत नाही अशी व्यक्ती'. मोकळ्या तासाला बाई रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसल्या. गाइडमधल्या निबंधात एक आजोबा होते. ते पहाटे पाचला उठत, काठी घेऊन फिरायला जात आणि गेल्या वर्षी वारले होते. एक्केचाळीस वह्यांत तेच आजोबा तसेच उठले, तसेच फिरले आणि तसेच वारले. बाई गुण देत गेल्या. आठ, आठ, आठ.

बेचाळिसावी वही गपचूपची होती. बाई ती ओठांनी पुटपुटत वाचू लागल्या, म्हणून मलाही ऐकू आले. इंग्रजी मोडकेतोडके होते. माझ्या बसमध्ये एक कंडक्टरताई आहे, असे तिने लिहिले होते. सगळ्यांना थांब्याचे नाव मोठ्याने सांगावे लागते, पण ती मला विचारत नाही. शी नोज माय स्टॉप. ड्रायव्हर थांबायला विसरला तर ती पत्र्यावर थाप मारते. चार महिने झाले, ती येत नाही. कुठे गेली, माहीत नाही. नवा कंडक्टर विचारतो. आता मला थांब्याचे नाव मोठ्याने सांगता येते. हे तिला अजून कळलेले नाही.

बाईंनी एक 'द' घातला. एक स्पेलिंग सुधारले. मग त्या मागच्या ओळीकडे परत आल्या आणि लाल पेन 'नोज' या शब्दापाशी टेकले. तिथेच राहिले. कागदावर शाईचा ठिपका वाढत गेला. घंटा झाल्यावर त्यांनी गुण न देताच वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी गपचूपला बोलावले. मला कपाटातून काढले, पदराने पुसले आणि तिला निबंध वाचायला सांगितला. ती न अडखळता वाचत गेली. बाईंनी टेप मागे नेली, ऐकवली आणि 'शी नोज माय स्टॉप' या वाक्यावर माझे बटण दाबून मला थांबवले.

"हे वाक्य व्याकरणाला धरून आहे," बाई म्हणाल्या. "पण इथे भूतकाळ हवा."

"का, बाई?"

"ती माझी धाकटी बहीण होती."

बाहेर मुलांचा कालवा चालू होता. गपचूपने पेन्सिल घेतली, तो शब्द खोडला आणि वर भूतकाळाचे रूप लिहिले, 'न्यू'. वही बाईंपुढे सरकवली.

"'के' राहिला," बाई म्हणाल्या. "ऐकू येत नाही. पण तिथे असतो. लिहावा लागतो."

एवढे बोलताना त्यांचा आवाज शेवटच्या दोन शब्दांवर हलला. चार महिन्यांत पहिल्यांदा. गपचूपने 'के' लिहिला आणि घंटा होईपर्यंत ती तिथेच बाईंच्या शेजारी बसून राहिली.

नंतर सगळे एकदम सुरळीत झाले असे नाही. बाई पुष्कळ दिवस तशाच येत आणि जात. पण पुढच्या आठवड्यापासून दहा ओळी पुन्हा सुरू झाल्या. त्या वर्षी निकाल थोडा घसरला. मुख्याध्यापकांनी कारण विचारले, तेव्हा मुले आता स्वतःच्या चुका करू लागली आहेत, असे बाईंनी सांगितले. गपचूपला निबंधात सहा गुण पडले होते. तिने तक्रार केली नाही.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला आहे आणि तसा पट्टा बाजारात मिळत नाही. मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. माझे मागणे दुसरे आहे. मित्रांनो, जे लिहाल ते तुमचे लिहा, कच्चे असले तरी चालेल, आणि लिहून झाल्यावर कोणाला तरी वाचून दाखवा. ऐकणारा त्यातले काय शोधत बसला आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.