उंच बाजू

ओहायोतल्या त्या रस्त्यावर प्रत्येक घरामागे गवत होतं; ऑरिन स्टॉफरच्या घरामागे हिरवळ होती. शाळेची पिवळी बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस गवताला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. एका आठवड्यात उभं कापायचं, पुढच्या आठवड्यात आडवं, म्हणजे पाती एका अंगावर कलत नाहीत. शेजारच्या ड्युएनचा कुत्रा कुंपणापाशी हुंगत आला तरी ऑरिन खिडकीची काच वाजवायचा. त्याची बायको व्हर्ला म्हणायची, "लग्नात शपथ मला दिली, पण पाळतोय ती गवताला दिलेली." हे ती हसून म्हणायची. निदान आधी तरी हसून म्हणायची.

त्या हिवाळ्यात व्हर्लाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं, चालायचं दुसऱ्याला असतं. एप्रिल उजाडला तरी वॉकर धरून स्वयंपाकघर ते न्हाणीघर एवढीच तिची धाव होती, आणि पाऊल टेकलं की कळ थेट मस्तकात जायची. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, पाण्यात चाला, अंगाचा भार पाणी उचलतं. खरंच, गावच्या पोहण्याच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात व्हर्ला कशालाही न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि बाहेर आली ती रडतच. पण पुढे त्या तलावाचं छप्पर गळायला लागलं, दाराला कुलूप लागलं, आणि ते कधी निघेल हे कुणालाच सांगता येईना.

व्हर्लाची धाकटी बहीण अर्लीन फ्लोरिडात राहायची. तिच्या इमारतीखाली बारा महिने कोमट पाण्याचा तलाव होता. "इकडे ये, हवं तितकं राहा," असं ती दर रविवारी फोनवर सांगायची. नवरा गेल्यापासून अर्लीन एकटी होती. तिचं 'हवं तितकं' म्हणजे कायमचं, हे ऑरिनला न सांगता कळत होतं. रविवारी दुपारी फोन वाजला की तो उगाचच अंगणात जायचा.

मे महिन्यात दारात एक भलंमोठं खोकं येऊन पडलं.

"हे काय?" ऑरिनने विचारलं.

"पोहण्याचा तलाव. फुगवायचा. वरच्या कडेत हवा भरायची, मग पाणी चढेल तसा आपला आपण उभा राहतो. मी त्यात चालणार."

"ठेवायचा कुठे?"

"गाडीच्या डिकीत," व्हर्ला म्हणाली. "अंगणात, ऑरिन. आणखी कुठे?"

"खालचं गवत मरेल."

व्हर्लाने वॉकर त्याच्याकडे वळवला. आवाज न चढवता म्हणाली, "जमलं तर इथे चालेन, नाहीतर अर्लीनकडे जाऊन चालेन. पण मी चालणार आहे. कुठे, ते तू बघ."

ऑरिनने पाहिलं. पाहायला तो काही कमी नव्हता. लांब फळी जमिनीवर टाकून तिच्यावर पाणसळ ठेवली, तेव्हा डोळ्यांना सपाट दिसणारं अंगण मागच्या कुंपणाकडे चांगलं चार बोटं उतरतंय असं निघालं. खोक्यातल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: उंच बाजू खणून खाली आणा, सखल बाजूला भर घालू नका. आता ही उंच बाजू नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची. अंगणातलं सगळ्यात दाट, सगळ्यात देखणं गवत तिथलं. दुष्काळातसुद्धा ऑरिनने ते पिवळं पडू दिलं नव्हतं.

कुंपणावर कोपरं टेकून ड्युएन बघत होता. "कापावं लागणार," तो म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने भर घातली होती. त्याचा तलाव शेजारणीच्या तळघरात गेला."

"तुझा मेव्हणा गाढव आहे."

"आहेच की. पण ते पाण्याला कुठे ठाऊक होतं?"

ऑरिनने दुसऱ्या दिवशी वाळूची पोती आणली. व्हर्ला तपासणीला गेली होती तेवढ्यात सखल बाजूला वाळू पसरली, धुमसली, वर जाड कापड अंथरलं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला, आणि त्याला वाटलं, झालं की. मारुतीच्या शेपटीसारखी लांब रबरी नळी दिवसरात्र चालू राहिली. निळी कड हळूहळू वर आली, तलाव उभा राहिला. कुंपणाकडच्या अंगाला त्याचं पोट जरा सुटलेलं दिसत होतं. ऑरिनने ते पाहिलं, आणि बसेल हळूहळू, असं स्वतःला सांगून मूग गिळले.

जून मात्र सोन्यासारखा गेला. तलाव विकत घेणं सोपं, त्याचं पाणी नितळ राखणं हा रोजचा संसार असतो. कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग ताडून पाहायचं काम व्हर्लाचं. क्लोरीन कमी की जास्त, ते ती खुर्चीत बसून सांगायची. पंपातली गाळणी काढून नळीखाली धुणं, जाळीने पानं-किडे काढणं, सकाळच्या गारव्यात सैल पडलेल्या कडेत हवा भरणं आणि उन्हं चढली की ती फुटू नये म्हणून थोडी सोडणं, हे ऑरिनकडे. शिडीपाशी पाय धुवायला पाण्याचं घमेलं. सगळ्यात मोठा वैरी ठरलं ते गवतच. ऑरिन यंत्र फिरवायला लागला की कापलेली पाती उडून पाण्यात पडायची.

"तुझी सवत आली पोहायला," तो म्हणायचा.

"बाहेर काढ तिला. आणि यंत्राचं तोंड तिकडे कर."

व्हर्ला रोज सकाळी न्याहारीनंतर ऑरिनच्या आधाराने शिडीवरून उतरायची आणि कडेकडेने गोल चालायची, आधी सावकाश, मग पाण्याला भोवरा येईल इतकी झपझप. महिना संपता संपता वॉकर कोपऱ्यात गेला आणि ती घरात काठीवर फिरू लागली. एकदा पॅनकेक उलटताना तिने काठीही ओट्याला टेकून ठेवली आणि दोन्ही हातांनी काम केलं. ऑरिनला एवढा आनंद झाला की तो नको असताना दोन पॅनकेक जास्त खाऊन गेला. रविवारच्या फोनला आता तो घरातच थांबायचा.

जुलैत मोठं वादळ झालं. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी व्हर्ला पाण्यात उतरली, एक फेरी मारली आणि थबकली.

"ऑरिन, कुंपणाकडे पाणी अगदी कडेला लागलंय आणि इकडे वीतभर खाली आहे. खाली सपाट आहे ना रे?"

ऑरिन गाळणी धूत होता. त्याने मान वर केली नाही. "आहे," तो म्हणाला.

ती पुन्हा चालू लागली. कुंपणाच्या अंगाला पोहोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत निळी भिंत दुमडून आडवी झाली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. सगळं पाणी एका दमात त्या वाटेने निघालं आणि व्हर्लाला बरोबर घेऊन गेलं. ऑरिन धावला तेव्हा ती कुंपणाच्या फळ्यांना पाठ टेकून चिखलात बसली होती. पाण्यात घालायची एक चप्पल गायब, केसांत गवत. हातपाय हलवून पाहिले, सगळं हलत होतं. ड्युएन पलीकडून ओरडून विचारत होता, अॅम्ब्युलन्स बोलावू का.

व्हर्ला समोर बघत होती. तलावापासून तिच्या पायांपर्यंत हिरवळीवर वाळूचा पिवळा पट्टा ओढला गेला होता.

"ही वाळू कुठून आली?"

ऑरिनने तिला उठवायला हात पुढे केला.

"मी आत होते, ऑरिन," ती म्हणाली.

एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटत राहिलं. भांडणाला निदान उत्तर देता येतं. त्याच आठवड्यात त्याने तिला अर्लीनकडे जाण्यासाठी विमानतळावर सोडलं. चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन जाणाऱ्या माणसाशी ती हसून बोलली, आणि ऑरिनला म्हणाली, "पोचले की कळवते." परत कधी येणार हे तिने सांगितलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही.

तलावाचं धूड अंगणात आडवं पडलं होतं. ऑरिनने नेहमीप्रमाणे गवत कापलं, तेही त्याला वळसा घालून. काम आटोपून सवयीने खिडकीकडे पाहिलं, तर तिथे कोणी नव्हतं. इतकी वर्षं तो गवत कापून झालं की खिडकीकडे बघायचा, आणि व्हर्ला ओले हात पुसत आतून मान डोलवायची. तो हे कौतुक गवताचंच समजत आला होता. आता ती हिरवळ पूर्वीइतकीच देखणी होती आणि त्याला तिच्याकडे बघवेना. त्याला लाज वाटत होती आणि भीतीही. ती परत आली नाही तर हे सगळं हिरवंगार घेऊन करायचं काय, हा विचार त्याला झोपू देईना.

एका सकाळी त्याने फावडं काढलं आणि खिडकीसमोरच्या उंच बाजूवर पहिला घाव घातला.

ओहायोची ती चिकणमाती सहजासहजी सुटत नाही. गवताची लादी उचलायची, खालची माती उकरायची, ढकलगाडीत भरायची, फळी टाकून पाणसळ लावायची, परत उकरायचं. वाळूही त्याने सगळी काढून टाकली, खालच्या पक्क्या जमिनीपर्यंत. मुळांचं जाळं तुटताना चर्रकन आवाज यायचा. तरी तो थांबला नाही. ड्युएनने मोबाइल उंच धरून फोटो काढला, तोही त्याला दिसला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. व्हर्लाच होती.

"ड्युएनने फोटो पाठवलाय. अंगणात कुणाला पुरतोयस?"

"कुणाला नाही. उंच बाजू कापतोय."

 पलीकडे अर्लीनचा टीव्ही ऐकू येत होता.

"खिडकीसमोरची?"

"हो."

"भर घालू नका, असं त्या कागदावर लिहिलं होतं का रे?"

"लिहिलं होतं."

"तू वाचलं होतंस?"

नाही म्हणणं सोपं होतं. अक्षर बारीक, चष्मा सापडत नव्हता, काहीही चाललं असतं. "वाचलं होतं," ऑरिन म्हणाला. "आणि त्या सकाळी तू विचारलंस, तेव्हा मी खोटं बोललो. मला गवत वाचवायचं होतं. मला तुझ्यापेक्षा गवत मोठं नव्हतं, व्हर्ला. पण वागलो मी तसाच."

"वागलास खरा," ती म्हणाली. आणि पुढे, "अर्लीन म्हणतेय, हिवाळाभर इथेच राहा. तेच सांगायला मी फोन हातात घेतला होता, तेवढ्यात तो फोटो आला."

"तिला हो म्हणालीस?"

"अजून नाही."

"नको म्हणूस. घरी ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही."

असलं वाक्य त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला ते पेललं नसावं, कारण बोलली ती एकदम कोरड्या आवाजात. "आधी तो उभा कर. भर. आणि भरलास की पहिल्यांदा तू उतर. तुझ्या शब्दावर मी आता पाण्यात पाय टाकणार नाही."

"नळीचं पाणी बर्फासारखं असतं."

"मला माहीत आहे. आणि तुला थंड पाणी सोसत नाही, तेही माहीत आहे."

ऑरिनने तलावाच्या भिंतीची फाटलेली शिवण चिकटवली, तलाव अंथरला, चारी बाजूंनी सुरकुत्या ओढून काढल्या. पाणी चढत गेलं तसा तो उन्हापावसात खुर्ची टाकून भिंतीवर नजर ठेवून बसला. या वेळी कुठेच पोट सुटलं नाही. नळी बंद केली तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. पाणी तापायला निदान आठवडा हवा होता, पण त्याने वाट पाहिली नाही. अर्ध्या चड्डीवर शिडी चढला आणि उतरला. पाणी कमरेला लागलं तसा त्याचा श्वासच अडकला. कुंपणापलीकडे ड्युएनने खुर्ची आणून मांडली होती, हातात बिअरचा डबा.

ऑरिन कडेकडेने गोल चालू लागला. त्याचं अंग हलकं झालं, आणि एवढ्या थंडीतही गुडघे कुरकुरायचे थांबले. व्हर्ला तेव्हा रडत का बाहेर आली होती, ते त्याला आज कळलं. फेऱ्या मारून झाल्यावर कुंपणाकडच्या भिंतीशी, जिथून ती वाहून गेली होती तिथे, तो पाठ टेकून उभा राहिला आणि मोबाइल उंच धरून त्याने फोन लावला.

"आत आहे," तो म्हणाला.

"दात वाजतायत तुझे. इथपर्यंत ऐकू येतंय."

"त्याच भिंतीला टेकलोय. हलत नाहीये."

"किती वेळ झाला?"

"बराच."

"बाहेर ये, ऑरिन. न्यूमोनिया होईल."

"तू येणार की नाही ते सांग. तोवर मी इथेच उभा आहे."

पलीकडे व्हर्लाने कुणाला तरी, अर्लीनलाच बहुतेक, टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग ऑरिनला तिचा श्वास ऐकू आला, हसल्यासारखा किंवा रडल्यासारखा, त्याला ठरवता येईना.

"शनिवारी," ती म्हणाली. "निघ आता बाहेर."