लाल पट्ट्याच्या आतली ओळ

खोटं सांगत नाही, त्या दानोच्या सणाला सकाळच्या भातापासून दुपारच्या भातापर्यंत माझे केस पांढरे झाले. गावच्या न्हाव्याने शपथेवर सांगितलं असतं, पण तो मेला.

तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. कुस्तीचे दोन पट्टे माझ्या ताब्यात असत, लाल आणि निळा. पैलवानाच्या कमरेला आणि उघड्या मांडीला पट्टा बांधायचा, समोरच्याने तो मुठीत धरायचा आणि झोंबायचं. जिंकेल तो बैलावर बसून मिरवायचा. गेल्या वर्षीचा विजेता दालसू, म्हणून यंदा लाल पट्टा त्याचा.

आदल्या दिवशी तो आला. "बांगकाका, पट्ट्यावर आतून लिहा, 'हा देश आमचा'. बैलावर बसलो की सोडीन आणि डोक्यावर धरीन."

"अरे, कुस्तीत हे कशाला? कुस्ती कर, बैल घे, घरी जा!"

"एरवी तोंड उघडलं की तुरुंग. उद्या पाच हजार माणसं माझ्याकडेच बघणार. मग कधी बोलू, मेल्यावर?"

"अक्षर माझं, त्याचं काय? गावाचे सगळे अर्ज मीच लिहितो. प्यो हवालदार लगेच ओळखेल."

"मग वाईट लिहा."

वाईट? मला? नेमका तिथेच मी फसलो. काजळीच्या शाईने असं सुरेख लिहिलं, की बस्स.

शेवटच्या कुस्तीत दालसूसमोर आला ताएचिल, हवालदाराचा सख्खा पुतण्या. शेवटच्या कुस्तीला पट्ट्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात. एकवीस वर्षं मीच टाकतोय, आणि मीच विसरलो होतो!

लाल पट्टा ताएचिलला निघाला.

तो मीच बांधला. बोटं गाठीत अडकत होती.

"काका, उन्हात थंडी वाजते का?" ताएचिल हसला. दहा पावलांवर हवालदार तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता.

दालसूने पट्टा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. ताएचिलला त्याने वर उचललं, तशी गाठ सैलावली आणि काठ उलटून काळी रेघ दिसली.

हवालदार उठला. "ते काळं काय?"

ताएचिलला आपटलं असतं तर पट्टा सुटून वाळूत पसरला असता, माझ्या अक्षरासकट. दालसूने सुटता काठ मुठीत गुंडाळला आणि स्वतःच पाठीवर पडला. मूठ मात्र मी गाठ आवळेपर्यंत उघडली नाही.

"गाठीचं सूत आहे, साहेब," मी म्हणालो.

ताएचिल बैलावरून मिरवला. हवालदाराने सलाम ठोकला. गाठ धरून सबंध गावभर मी बैलाशेजारी चाललो. पाय चालत होते, मी केव्हाच मेलो होतो. आणि रिवाजाप्रमाणे त्या रात्री पट्टा विजेत्याच्याच घरी गेला.

दुसऱ्या सकाळी ताएचिल पट्टा घेऊन दारात. आत आला आणि विजार वर केली. घामाने ओळ मांडीवर उमटली होती, उलटी.

"वाचलीस?" मी विचारलं.

"आरशात. काका, पुसा ना! चुलते अक्षर ओळखतील. तुम्हालाही नेतील, मलाही."

राखेने घासलं, कोंड्याने घासलं. कातडी लाल झाली, अक्षरं आणखी ठसठशीत.

फाटकाशी हवालदाराचे बूट वाजले.

"ताएचिल! इथे काय करतोस?"

पोराचे ओठ पांढरे पडले होते. विजार खाली ओढून तो म्हणाला, "पट्टा परत द्यायला आलो. धुऊन आणलाय."

त्या उन्हाळ्यात तो नदीत उतरला नाही. आणि हवालदाराने मला हाक मारली, की आधी माझा हात शाईची दौत झाकायला जाई.