चष्म्यावर आतडं

बाबल्याचं हसू म्हणजे साधंसुधं हसू नव्हे. तो आमच्या वाडीत हसला की तिकडे दाभोळच्या जेटीवर माणसं बोट सुटली समजून धावत सुटतात. आधी बिघडलेल्या पंपासारखी घरघर, मग लांब शीळ, शेवटी उचकी. या हसण्यापायीच गोदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचं मासळीचं ताट बंद केलं.

टीव्हीवर ती मालिका लागते ना, मुंबईत एका फ्लॅटात राहणाऱ्या पाच चक्रम दोस्तांची? एकजण पायमोजे हुंगून ठरवतो धुवायचे की नाही. दुसरा दाढीचे केस बशीत साठवतो. बघताना मला हातातला चहा नकोसा होतो. तर या मंडळींची गणपतीपुळ्याची सहल दाखवायची म्हणून सगळा लवाजमा आमच्या गावात उतरला. जेवणाचं काम गोदाकडे. तिने तिरफळं घालून बांगड्याचं असं कालवण केलं, की घर सोडून गेलेलं माझं मांजर त्या वासाने परत आलं.

मालिकेत विनोद झाला की मागून हसण्याचा आवाज येतो. या खेपेला दिग्दर्शकाला तो अस्सल गावचा हवा होता. त्याने आम्हाला गोदाच्या परसात बसवलं, मेलेल्या मुंगसासारखा केसाळ माईक काठीवर धरायला लावला आणि विनोद सांगू लागला. सगळे ढेकरांचे नि उलट्यांचे. शेजारच्या मालनने तर पदर नाकाला लावला.

"अहो, हसा ना!" म्हणत तो मागे सरकला आणि थेट उकिरड्यात उताणा. सकाळी साफ केलेल्या बांगड्यांची घाण तिथेच पडलेली. उठला तेव्हा केसांत माशांचे कल्ले, आणि चष्म्याच्या डाव्या भिंगावरून एक आतडं लोंबतंय. शी! पण हसलो, सगळेच हसलो. बाबल्याच्या हसण्याने पोफळीवरच्या सुपाऱ्या गळल्या.

गोदा आत चुलीपाशी होती. पाहुणा अजून जेवायचा होता, म्हणून त्याच्या या पडण्याचं तिला कोणी सांगितलं नाही.

भाग लागला त्या संध्याकाळी सगळी वाडी गोदाच्या पडवीत. पडद्यावर तिचंच कालवण, तिच्याच टोपात. शमिका नावाच्या नटीने घास घेतला, डोळे फिरवले, "ई! यात काय मेलंय?" म्हणाली आणि पचकन पानावर थुंकली. मागून घरघर, शीळ, उचकी.

गोदाने टीव्ही बंद केला आणि नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या दर्शनाकडे कालवणाची वाटी, माझ्या मांजराला बांगड्याचं डोकं, आणि बाबल्याला नुसती पेज.

"अगो, मी त्या मेल्याच्या पडण्याला हसलो!"

"टीव्हीवर कुठे पडला तो? ती थुंकली नि तुम्ही हसलात. माझ्या हातच्या जेवणाला!"

"मालनला विचार."

"मालनही हसली असेल. सगळे एकाच माळेचे मणी!"

बाबल्या सुकत चालला. मग मी गेलो, तेव्हा तो पेजेच्या ताटापुढेच बसलेला. गोदाने तोच भाग लावून माझ्यापुढे मोबाईलच धरला. "ऐका भाऊजी, आणि मग घ्या तुमच्या दोस्ताची बाजू."

नटी थुंकली. घरघर. शीळ. आणि उचकीच्या अलीकडे काहीतरी बारीक, तुटक.

"गोदे, परत लाव. आवाज वाढव."

"...ष्म्यावर आतडं! अरे, चष्म्यावर आतडं!"

बाबल्याचाच आवाज. मी विचारलं, "ही बया चष्मा लावते काय गो?"

गोदाने भाग मागे नेऊन परत ऐकला. मग पडद्यावरच्या शमिकेचं तोंड निरखलं. चष्मा नाही. आधी तिचं नाक आक्रसलं, मग ओठ थरथरले. पण हसली नाही.

"म्हणजे हसू दुसरीकडचं, नि चिकटवलं माझ्या कालवणाला? कसली घाणेरडी माणसं ही!" ती उठली आणि पेजेचं ताट बाबल्यासमोरून उचललं. "बसा. बांगडा वाढते. खाताना हसलात तर मात्र याद राखा."

आता त्या दिग्दर्शकाला बाबल्याचं हसू इतकं भावलंय, की दर भागात, दर विनोदामागे तेच लावतो. पायमोजे हुंगले, चष्म्यावर आतडं. ढेकर दिला, चष्म्यावर आतडं. स्वतःच्याच फजितीवर सगळ्या मुलखाला हसवतोय आणि त्याला गंधही नाही.

गोदा एक भाग चुकवत नाही. आवाज मोठा करते, पडद्याकडे पाठ फिरवून बसते आणि बांगडे साफ करता करता ऐकते.