पाण्यातून ज्योत देणारा घट

मी एक जुना घट आहे. मातीचा नव्हे. पाण्याच्या फिल्टरची पारदर्शक नळकांडी, तिच्यात रबरी वायसर घालून एकमेकींना न चिकटता उभ्या केलेल्या स्टीलच्या पट्ट्या आणि झाकणातून बाहेर आलेली नळी, एवढेच माझे अंग. नंदुरबारच्या एका गल्लीत, सलाउद्दीनभाईंच्या चांदीकामाच्या दुकानात मी राहतो.

मित्रांनो, माझी गोष्ट माझ्या जन्माच्या आधी सुरू होते. सलाउद्दीनभाई डोंगरातल्या बायकांचे चांदीचे दागिने घडवत आणि जोडत. दिव्याच्या ज्योतीवर पितळी फुंकणीने फुंकर घालायची आणि ती ज्योत नेमकी सांध्यावर वळवायची, यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली. पुढे त्यांना दम लागू लागला. फुंकणी तोंडाला लावायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. गॅसची बंदूक आणून पाहिली, पण तिच्या जाडजूड ज्योतीखाली नाजूक साखळ्या वितळून जात. मग सलाउद्दीनभाई नुसतेच दुकानाच्या दारात बसून राहू लागले. हात मांडीवर ठेवलेले असत.

त्यांची मुलगी अतिका कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. बापाचे ते रिकामे हात तिला बघवत नव्हते. तिने भंगारातून पत्रा आणून पट्ट्या कापल्या आणि मला जोडले. माझ्यात बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी आणि थोडा कॉस्टिक सोडा घातला, चार्जरच्या तारा लावल्या. वीज येताच पट्ट्यांवरून पांढरे बुडबुडे उठले. पाण्याचे दोन वायू होऊन नळीच्या टोकाशी बसवलेल्या पोकळ सुईतून बाहेर पडले. अतिकाने काडी लावली.

पण ज्योत नळीतून मागे शिरली आणि माझे झाकण उडून छताच्या पत्र्यावर आदळले. स्वयंपाकघरातून अमिनाबी, तिची आई, धावत आली.

"घर में बम बनाया क्या तूने?" असे म्हणत तिने मला उचलून थेट अंगणात ठेवले. पुढे कित्येक दिवस ती माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

अतिकाने हार मानली नाही. माझ्या आणि सुईच्या मधे तिने पाण्याची एक बाटली बसवली. उलटी आलेली ज्योत तिथेच बुडून विझावी म्हणून. डोळ्यांना चष्मा लावून तिने अंगणात पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि मगच वडिलांना बोलावले.

"अब्बा, तुम मत फूँको. फूँकने का काम ये करेगा."

त्यांनी सुई हातात घेतली. ज्योत केसाएवढी बारीक, पण भलतीच तेज. पहिली कडी वितळून तिची गोळी झाली. अतिकाने वीज कमी केली. हळूहळू हात बसला, आणि मला आपण कशासाठी जन्मलो ते कळले.

एकदा नर्मदाकाठच्या मणिबेलीहून, होडी आणि मग जीप करत रेवाबाई आली. तिची चांदीची हांसडी मोडली होती.

"हाई मन्ही मायनी शे," ती म्हणाली. "गाव धरणना पानीमा गयं, हाई एकच उरनी."

"बठ माय. जोडी देस," सलाउद्दीनभाई म्हणाले.

हांसडी जोडल्यावर ती सांधा बोटाने शोधत राहिली. तो सापडेना. तिने माझ्याकडे पाहिले.

"हाऊ पानीवर चालस?"

"हा. पानीवरच."

ती मग हांसडी गळ्यात घालत म्हणाली, "मंग पानीनी काहीतरी परत दिन्हं."

मित्रांनो, तेवढे कौतुक मला पुष्कळ झाले.

मग अतिकाला सुरतेच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ती गेली आणि सलाउद्दीनभाईंनी मला हात लावणे सोडले. "अब्बा, आसान है, खुद कर लो," ती फोनवर सांगे. ते "हाँ, कर लूँगा" म्हणत आणि फोन ठेवत. गिऱ्हाइकांना मात्र पोर आल्यावरच काम होईल म्हणून सांगत, "मन्ही पोर ई तवय." माझ्यातले पाणी आटले, पट्ट्या तांबूस झाल्या, काठाला पांढरे मीठ धरले. दार वाजले की आम्ही दोघेही तिकडे पाहायचो.

हे अमिनाबीला पाहवेना. एका दुपारी तिने फोन भिंतीला टेकवून उभा केला, हातमोजे घातले, अतिकाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "बता, पहले क्या खोलूँ?"

पलीकडून अतिका एकेक सांगत गेली. जी बाई माझ्याजवळ फिरकत नव्हती, तिने माझी एकेक पट्टी धुतली, नवे पाणी आणि सोडा भरला, झाकण घट्ट लावले. सलाउद्दीनभाई दारातून उठून आत आले. त्यांनी सुई हातात घेतली. ज्योत लागली.

तेव्हापासून मला धुवायचे काम अमिनाबीचेच आहे. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी दूर गेलेल्याने बनवलेली एखादी वस्तू असेल, तर ते माणूस परत येईपर्यंत तिला तशीच ठेवू नका. धुवा, पुसा, चालवा.

त्या दुपारी ज्योत लागलेली अतिकाने फोनवर पाहिली. मग हळूच म्हणाली, "अम्मी, ज़रा इसकी आवाज़ सुनाओ."

अमिनाबीने फोन माझ्या अगदी जवळ धरला. माझ्यात होते नव्हते तेवढे सगळे बुडबुडे मी सोडले.