चढणीवरून कंट्रोलला

आमच्या हॅम रेडिओ क्लबला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. अखेरच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसच्या मदतीसाठी दर सप्टेंबरला सायकल फेरी निघते. विस्कॉन्सिनच्या या दऱ्याखोऱ्यांत मोबाइल मुका होतो, म्हणून आम्ही म्हातारे वळणावळणावर खुर्च्या टाकून बसतो. कोणी पडलं, टायर फुटला, की रेडिओवरून कंट्रोलला कळवायचं. कंट्रोल म्हणजे अर्लिस ट्वाइट, चर्चच्या तळघरात एकटी. आम्हा बाकीच्यांना रेडिओवर आपापल्या जागेचं नाव असतं. मी चढण.

अर्लिसचा नवरा ऑरव्हिल इतकी वर्षं माझ्याच शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि माझे बिस्किटांचे डबे रिकामे करायचा. यंदा हृदयाचं ऑपरेशन झालेलं असताना गड्याला स्वतःच सायकल चालवायची लहर आली. सकाळी त्याच्या पाठीवर दोनशे सतरा नंबर टाचताना अर्लिस म्हणाली, "वाटेत आडवा झालास तर मी येणार नाही हं उचलायला." आम्ही सगळे हसलो.

चढ संपता संपता, माझ्या डोळ्यांदेखत, तो सायकलवरून कलंडला. मागून येणारी एक नर्स उतरून त्याची छाती दाबायला लागली. मी माइक उचलला आणि थबकलो. आमचा नियम कडक आहे. रेडिओ सगळा जिल्हा ऐकतो, घरच्यांना असं कळू नये, म्हणून पडलेल्याचं नाव घ्यायचं नाही. फक्त नंबर सांगायचा, तोही कंट्रोललाच. नियम करणाऱ्याला काय ठाऊक, कंट्रोललाही घर असतं!

माइकवर बसायला दुसरं कोणी आहे का, असं मी विचारलं. सगळे वर सँडविच करताहेत, तू बोल, अर्लिस म्हणाली.

"दोनशे सतरा," मी म्हटलं. "श्वास नाही. अँब्युलन्स पाठव."

मग तिचा आवाज आला, अगदी सरळ. "दोनशे सतरा. अँब्युलन्स निघतेय."

अँब्युलन्स लवकर आली. त्यांनी करायचं ते सगळं केलं. शेवटी त्यांच्यातल्या बाईने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्याला आत ठेवल्यावर मी कंट्रोलला कळवलं, गाडी निघतेय.

"चढण, तुझ्या मागे मला सायरन ऐकू येत नाहीये."

"नाही, अर्लिस," मी म्हटलं. तिचं नाव घेतलं म्हणजे त्याचंही घेतल्यासारखंच, गेला तो नियम खड्ड्यात. "आता घाई नाही."

मी माइकचं बटण सोडलं.

"कळलं," ती म्हणाली. "तू जा त्याच्याबरोबर. एकटं नको पाठवू रे त्याला. मला उठता येत नाहीये, अजून शंभरेक जण रस्त्यावर आहेत."

पुलावरचा वेंडेल म्हणाला, मी येतो, माइक घेतो. पूल सोडायचा नाही, असं तिने त्याला बजावलं आणि किती सायकली पुढे गेल्या ते विचारलं.

मी ऑरव्हिलच्या उशाशी बसलो. कमरेच्या रेडिओवर ती एकेका ठाण्याला हाक मारत होती, सगळ्यांचे नंबर बिनचूक घेत होती. मला रडू आवरेना. गाडी दरीत उतरली तसा तिचा आवाज तुटायला लागला. मी रेडिओ काढून त्याच्या कानाशी धरला.

"ऐक रे," मी म्हटलं. "बायको बोलतेय तुझी."